तळटीप १७ : ‘दहाचं अंडं’

१७. दहाचं अंडं – ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल खेळातले, दहा किलोमीटर चालल्यावर फुटणारे अंडे. १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या पोकेमॉन खेळांत अजब प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे असतात. त्यांची पैदास १९९९च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’पासून आली. ‘गो’मध्ये पैदास नाही. अंडी ‘पोकेस्टॉप’वर, म्हणजे नकाशात नेमलेल्या एखाद्या देवळापाशी, पुतळ्यापाशी मिळतात आणि ती उबवायला खेळाडूला स्वतः चालावे लागते. लॅप्रस, स्नॉरलॅक्स अशी दुर्मीळ मंडळी सुरुवातीच्या वर्षांत दहाच्या अंड्यातून निघत. खेळ स्क्रीनवर उघडा असेल तेवढेच अंतर धरले जाई. गाडी वेगात असली तर तेही नाही. कंपनीच्या बसमध्ये बसून अंडे फुटत नाही, ही धाकट्याची तक्रार म्हणूनच अगदी खरी आहे, आणि दिंडीभर त्याने फोन हातात उघडा का धरला, तेही यावरून कळते.

पुढच्या ओळीतले ‘पंढरपूर’ सोलापूर जिल्ह्यातले नव्हे. वाळूज औद्योगिक वसाहतीलगतचे, ‘छोटे पंढरपूर’ म्हणून ओळखले जाणारे गाव. आषाढी एकादशीला तिथल्या विठ्ठलाच्या दर्शनाला जवळच्या शहरातून माणसे पायी येतात.

भारतात हा खेळ डिसेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओच्या भागीदारीत अधिकृतपणे आला आणि रिलायन्सची दुकाने पोकेस्टॉप झाली. मजकुरात अशा दुकानाचा उल्लेख असल्याने ही आषाढी २०१७ची किंवा २०१८ची धरावी. त्यानंतरची नव्हे, कारण नोव्हेंबर २०१८पासून खेळ बंद असतानाही चाल मोजली जाऊ लागली.