झार गेला, सत्ता पालटली, पण जनरल देशातच राहिले! कोण होते ॲलेक्सी ब्रुसिलोव्ह?

पहिल्या महायुद्धात रशियाला सर्वात मोठं यश मिळवून देणारे सेनापती म्हणजे जनरल ॲलेक्सी ब्रुसिलोव्ह. पण त्यांची खरी कसोटी रणांगणावर लागली नाही. ती लागली १९१७ च्या क्रांतीत, जेव्हा ज्याच्या नावाने शपथ घेतली तो राजाच राहिला नाही.

सुरुवात : जन्म १८५३, तिफ्लिस (आजचं तिबिलिसी, जॉर्जिया). वडीलही लष्करात जनरल. आई-वडील लहानपणीच वारले, नातेवाईकांनी वाढवलं. ब्रुसिलोव्ह घोडदळात गेले आणि १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात लढले.

१९१६ ची मोहीम : तोपर्यंतची पद्धत अशी की एकाच जागी फौज गोळा करायची आणि दिवसच्या दिवस तोफा डागायच्या. त्यामुळे हल्ला कुठे होणार हे शत्रूला आधीच कळायचं. ब्रुसिलोव्ह यांनी ४ जूनला चार सैन्यांना जवळपास एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करायला लावला. खरा घाव कुठला, हेच ऑस्ट्रिया-हंगेरीला समजेना. काही दिवसांतच लुत्स्क शहर पडलं. लाखो सैनिक कैद झाले. मात्र शेजारच्या आघाडीची मदत वेळेवर आली नाही आणि रशियाचेही लाखो सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. जिंकूनही सैन्य आतून पोखरलं गेलं.

क्रांती : मार्च १९१७ मध्ये झारने गादी सोडावी, असं मत देणाऱ्या सेनापतींत ब्रुसिलोव्हही होते. मोहिमेला बरोबर एक वर्ष झालं त्या जून महिन्यात हंगामी सरकारने त्यांना सरसेनापती केलं. पण सैनिक आता लढायला तयार नव्हते, हुकमावर समित्यांमध्ये चर्चा व्हायची. उन्हाळ्यातला हल्ला फसला आणि दोन महिन्यांच्या आत कॉर्निलोव्ह यांना त्यांच्या जागी नेमलं गेलं.

नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली. (रशियाचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागे असल्याने तिला ‘ऑक्टोबर क्रांती’ म्हणतात.) मॉस्कोतल्या चकमकीत एक गोळा थेट ब्रुसिलोव्ह यांच्या घरावर पडला आणि त्यांचा पाय जखमी झाला. इतक्या लढाया केलेला माणूस जायबंदी झाला तो स्वतःच्या घरात!

कुणाच्या बाजूने? : अनेक जुने अधिकारी बोल्शेविकविरोधी श्वेत सेनेत गेले. ब्रुसिलोव्ह गेले नाहीत. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी त्यांनाच काही काळ अटकेत ठेवलं. मुलगा लाल सैन्यात होता. तो १९१९ मध्ये श्वेत सेनेच्या हाती सापडला, तो परत आलाच नाही.

मे १९२० मध्ये पोलंडच्या फौजा कीव्हमध्ये शिरल्या. तेव्हा ब्रुसिलोव्ह पुढे आले. जुन्या अधिकाऱ्यांनी मागचं विसरून लाल सैन्यात यावं, असं आवाहन त्यांनी सही करून काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, सरकारं येतात-जातात, देश राहतो. परदेशी गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांच्या लेखी मात्र ते गद्दार ठरले.

अखेर : पुढे घोडदळाचे निरीक्षक म्हणून काम करून ते निवृत्त झाले. १७ मार्च १९२६ रोजी मॉस्कोत निधन झालं. नोव्होदेविची मठात त्यांना लष्करी इतमामात दफन करण्यात आलं. पण आठवणींच्या दुसऱ्या भागात त्यांनी बोल्शेविकांवर सडकून टीका केल्याचं नंतर बाहेर आलं आणि सोव्हिएत काळात काही वर्षं त्यांचं नावही दाबलं गेलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी त्यांना कधी ना कधी परकंच मानलं.