युद्धाची आज्ञा कोणाची?

मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला लढायांची वाण कधी पडत नाही. कोण कोठे जिंकला, कोणता सरदार कामास आला, कोणाच्या तोफा शत्रूच्या हाती गेल्या, याची टिपणे आपल्या बखरकारांनी आणि पुढे संशोधकांनी मोठ्या हौसेने केली आहेत. परंतु ती लढाई मुळात व्हावी की न व्हावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या मंडळाच्या सभासदांत लष्करी सेवेच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून इकडे आलेली आणि पुढे इकडचीच झालेली घरे थोडी नाहीत. वळकटी उचलून आगगाडीत बसणारा आपला मुलगा कोणाच्या शब्दाने निघाला, हे अशा घरांना ठाऊक असावे, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इतिहासात सापडते. ते म्हणजे इंग्रज व मराठे यांचे पहिले युद्ध.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर बसले. परंतु पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर पुत्र झाला आणि बारभाईंनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविली. दादासाहेबांचा हक्क तेथेच संपला. ते सुरतेस गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तिचा खर्च दादांनी सोसावा आणि मोबदल्यात साष्टी व वसई इंग्रजांस मिळावी, असा तो सौदा होता. साष्टीतील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, बळकावला होता!

आता गंमत अशी की, मुंबईकरांनाही असा तह करण्याचा अधिकार उरलेला नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ साली रेग्युलेटिंग ॲक्ट संमत करून मुंबई व मद्रास या इलाख्यांना लढाई-तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या आधीन केले होते. तातडीचा प्रसंग किंवा लंडनहून आलेला थेट हुकूम, एवढेच अपवाद होते. म्हणजे सुरतेच्या तहावर ज्या दोन पक्षांनी सह्या केल्या, त्यांपैकी कोणालाही कोणत्याही राज्याच्या वतीने युद्धात उतरण्याचा अधिकार नव्हता. तरीही मे महिन्यात गुजरातेत अडास येथे माणसे मेली, ती मात्र खरीखुरी होती.

कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांची कडक शब्दांत हजेरी घेतली, हे युद्ध अनधिकृत व अन्यायाचे ठरविले आणि कर्नल अप्टन यास परस्पर पुण्याच्या दरबाराकडे पाठविले. त्याने १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. पण अन्यायाचे म्हणून ठरविलेल्या युद्धात मिळालेली साष्टी परत देण्याचे नाव कलकत्तेकरांनीही काढले नाही. तिकडे लंडनच्या डायरेक्टरांनी मुंबईकरांच्या मूळ तहाला पसंती कळविली. मुंबईने करावे, कलकत्त्याने मोडावे आणि लंडनने पुन्हा उचलून धरावे, असा हा तिहेरी कारभार. समुद्रमार्गे पत्र पोहोचण्यास महिनोन्महिने लागत, हे एक कारण खरेच. परंतु विजय झाला तर अधिकाराची चौकशी कोणी करणार नाही, हा हिशेबही त्यामागे होताच.

१७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज दादांना घेऊन पुण्याकडे निघाली. सेनापती कर्नल एजर्टन. पण त्याच्यासोबत कंपनीने मुलकी सभासद देऊन एक समितीच नेमलेली. सैन्याची हुकमत समितीकडे सोपविल्यावर जे व्हायचे तेच झाले. घाट चढून फौज गोगलगाईच्या गतीने सरकू लागली. आपल्या लोकांनी ज्याला कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्यापाशी पडला. तळेगावी पोहोचल्यावर समितीचा धीर सुटला, तोफा तळ्यात लोटून फौज रातोरात माघारी फिरली आणि वडगावला मराठ्यांनी तिला चहूबाजूंनी कोंडले.

त्यानंतर जे बोलणे झाले, ते ग्रँट डफने नोंदवून ठेविले आहे. मराठ्यांनी तह मागितला तेव्हा कंपनीचा वकील फार्मर सांगू लागला की, कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याचा अधिकार समितीला नाही. त्यावर महादजी शिंद्यांनी विचारले की, असे असेल तर अप्टनसाहेबाने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्ही कोठून आणला, तो आधी दाखवा. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या साऱ्या युद्धात याहून नेमके असे कोणी काही बोलले नाही. फौज पाठविताना ज्यांना अधिकाराची आठवण झाली नाही, त्यांना ती शरण जाताना झाली. अखेर जानेवारी १७७९ मध्ये त्यांनी वडगावच्या तहावर सही केली, १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचे कबूल केले आणि दोन इसम ओलीस ठेविले. वॉरन हेस्टिंग्जने तो तह, करणाऱ्यांना अधिकार नव्हता, याच सबबीवर झिडकारला! युद्ध आणखी तीन वर्षे चालले आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईस मिटले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

पार्लमेंटने यातून धडा घेतला नाही असे नाही. १७८४ च्या पिटच्या कायद्यात, हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे बेत ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध व प्रतिष्ठेस बाधक आहेत असे स्पष्ट लिहून, लंडनच्या आज्ञेवाचून आक्रमक युद्ध पुकारण्यास गव्हर्नर जनरललाही मनाई केली. तो कायदा लागू असतानाच वेलस्लीने राज्यामागून राज्य घशाखाली घातले. कागदी बांध एवढाच टिकतो.

आपल्या बाजूचा अधिकार मात्र आपण सहीनिशी दिला. यशवंतराव होळकरांपुढून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस जो तह केला, त्यात कंपनीची सहा हजार पायदळाची फौज कायमची पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लावून दिला आणि इतर सत्तांशी लढाई अथवा बोलणे कंपनीच्या सल्ल्यावाचून न करण्याचे मान्य केले. गेलेला मुलूख पुन्हा घेता येतो. पण कोणाशी लढावे हे ठरविण्याचा अधिकार गहाण पडला की उरते ती जहागीर. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी हे जाणले, म्हणून १८०३ साली असई व आडगाव झाले.

त्या सहीचे टोक १९३९ पर्यंत पोहोचते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीशी युद्धात असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतोप्रांती निवडून आलेल्या मंत्रिमंडळांना विचारले नाही. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. त्यांत मुंबई इलाख्याचे बाळासाहेब खेर यांचेही होते. युद्ध संपेतो हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, तिचा ठाव घेतला आणि तेथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला. त्यांच्या शौर्याचे मोल तिळमात्र कमी होत नाही. परंतु त्यांना टायबरपर्यंत नेणारा निर्णय त्यांच्या देशातल्या कोणी घेतलेला नव्हता.

१९५० साली हा अधिकार कायदेशीररीत्या आपल्याकडे आला. राज्यघटनेच्या ५३व्या अनुच्छेदाने संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. ‘युद्ध व शांतता’ हा विषय संघसूचीत १५व्या क्रमांकावर आहे. युद्धापूर्वी संसदेचा ठराव हवाच, असे मात्र घटना कोठेही सांगत नाही. आणीबाणीचे तसे नाही. १९७५ च्या अनुभवानंतर, १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीच्या घोषणेपूर्वी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा आणि एका महिन्यात संसदेची मान्यता हवी, अशी अट घातली. युद्धाला अशी अट नाही. शत्रू सीमा ओलांडीत असता ठरावाची वाट पाहणे शक्य नसते, हे मान्य. पण आधी नाही तर निदान ठराविक मुदतीत संसदेने मत द्यावे, एवढे बंधन घालण्यास काय हरकत होती, हे आम्हांस उमगलेले नाही.

प्रत्यक्षात निर्णय किती थोड्या अवधीत घ्यावा लागतो, याचे प्रत्यंतर एका मराठी माणसाच्या कारकीर्दीत आले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानचे रणगाडे छांब विभागात घुसले. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या कचेरीत आले आणि त्यांनी विमाने वापरण्याची परवानगी मागितली. विमाने उडाली म्हणजे सीमेवरची चकमक उघड युद्धाच्या वाटेला लागणार, हे खोलीतील सर्वांस कळत होते. मंत्रिमंडळाची बैठक बोलाविण्यात दिवस मावळला असता. चव्हाणांनी काही मिनिटांतच होकार दिला आणि पंतप्रधान शास्त्रींना तो कळविला. अधिकाराचा काटेकोर विचार केला तर येथेही एका माणसाने आधी निर्णय घेतला. पण सुरतेचे व्यापारी आणि चव्हाण यांत फरक असा की, चव्हाणांना दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांसमोर आणि लोकसभेसमोर त्याच निर्णयाचा जाब द्यायचा होता.

त्या संध्याकाळी पठाणकोटहून उडालेल्या विमानांपैकी चार व्हँपायर परत आली नाहीत. ६ सप्टेंबरला आपल्या फौजा लाहोरच्या रोखाने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेल्या. हा निर्णय शास्त्रींच्या मंत्रिमंडळाचा होता, आणि त्याच दिवशी चव्हाणांनी उभे राहून तो संसदेला सांगितला.