येलदरीच्या मुलखातली जीप: भाव चिखलाचा, भंगाराचा आणि अस्सलपणाचा

जुन्या जीपला मराठवाड्यात वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कारणांनी भाव आला. आधी ती चिखलातून निघते म्हणून तिला गिऱ्हाईक होते. पुढे ती लोखंडाच्या वजनाने विकली गेली. आता जी जीप कुणी बदललेली नाही, खोललेली नाही, रंगवलेली नाही, तिलाच सर्वाधिक पैसे मिळतात. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या येलदरीचा परिसर हा बदल समजून घ्यायला सोयीचा आहे. येथील धरण 1968 मध्ये पूर्ण झाले आणि जीपचा भारतातला भरभराटीचा काळही साधारण तोच होता.

ही गाडी मुळात लढाईसाठी जन्मली. अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीने सप्टेंबर 1940 मध्ये पहिला नमुना दिला. 1941 मध्ये मोठे कंत्राट मात्र विलीज-ओव्हरलँडला मिळाले. लष्कराला एक गाडी साडेसातशे डॉलरच्या आत पडत होती. मागणी एवढी वाढली की फोर्डलाही त्याच आराखड्यावर काम द्यावे लागले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजची ती एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि सहा व्होल्टची वीजजोडणी दोन्हींत सारखीच होती.

युद्धानंतर भारतात उरलेल्या लष्करी गाड्या सरकारने विकायला काढल्या. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. जुन्या जीपची किंमत देशाच्या राजकारणातही लवकरच गाजली. 1948 मध्ये लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचे कंत्राट केले. त्यातल्या 155 जीप प्रत्यक्ष आल्या आणि त्या निकामी निघाल्याने संसदेत वादळ उठले. दुरुस्त केलेल्या गाडीचा वरचा रंग पाहून आतला माल ओळखता येत नाही, हा धडा या व्यवहाराने दिला.

याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्राने विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. 1950 च्या दशकात त्या येथेच बनू लागल्या. यातली सर्वांत परिचित सीजे-3बी. तिच्या इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर बसवलेले असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि बोनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल बंद पडल्यावरही भारतात त्याच घडणीच्या जीप अनेक वर्षे निघत राहिल्या. त्यामुळे भारतीय बाजारात ‘जुनी विलीज’ म्हणून दाखवली जाणारी गाडी बहुधा महिंद्राची असते. खरी युद्धकालीन एमबी किंवा जीपीडब्ल्यू विरळा.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या राज्यातून मुक्त झाला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 2 ऑक्टोबर 1952 पासून देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचे गावात दिसणारे रूप ठरले. पूर्णा खोऱ्यातली काळी रेगाड जमीन पावसाळ्यात चिकट होते. बैलगाडीची चाके रुततात, मोटारीचे तर नावच नको. अशा मुलखात पाटबंधाऱ्याची, महसुलाची आणि वीजखात्याची कामे चारचाकी जोर असलेल्या गाडीशिवाय होणे कठीण होते. येलदरीच्या पायथ्याला 22.5 मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले. खालच्या सिद्धेश्वर धरणातून परभणी, हिंगोली आणि नांदेडकडे पाणी जाऊ लागले. कालव्यांबरोबर रस्तेही आले आणि जीपची मक्तेदारी सैलावली.

सरकारी जीप ठरलेली वर्षे वापरून झाली की लिलावात जाई. ती घेणारा शेतकरी किंवा प्रवासी वाहतूक करणारा गाडीचा इतिहास विचारत नसे. तो इंजिनाचा आवाज, फोर बाय फोरचा गिअर आणि टायर पाहत असे. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपचे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. मिस्त्री दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवत, त्यासाठी चासीवरचे माउंटिंग कापत आणि लांब हौद जोडून माणसे जास्त बसतील अशी सोय करत. वापरणाऱ्यासाठी हा शहाणपणा होता. पण आज अस्सल पेट्रोल इंजिनाची जीप दुर्मीळ होण्यामागे सर्वांत मोठे कारण हेच आहे. उरलेल्या गाड्यांपैकी ज्यांचे सुटे भाग मिळेनात, त्या भंगारवाल्याकडे किलोने गेल्या.

भावाचे गणित बदलले ते संग्राहक आल्यावर. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, किमान 30 वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक मानले. या दृष्टीने पाहिले की खरवडलेला पण कारखान्यातला रंग हा दोष न राहता पुरावा ठरतो. रिस्टोर केलेल्या जीपवर किती खर्च झाला हे सांगता येते. पण ती मुळात काय होती, हे रंगाखाली झाकले जाते. न छेडलेल्या जीपमध्ये ते उघड दिसते.

जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच काही ठरावीक जागा पाहते. युद्धकालीन जीपच्या चासीचा समोरचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीज. चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्ड आपल्या लहानसहान भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, इंग्रजी ‘एफ’ उठवत असे. पत्र्याची ग्रिल नऊ फटींची असेल तर ती लष्करी. नंतरच्या नागरी सीजेला सात फटी असतात. इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक आणि चासीवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळला, डॅशवरच्या माहितीपट्ट्या शाबूत असल्या, की भाव चढतो. इंजिन दुसरे, हौद वाढवलेला आणि क्रमांक घासलेला असेल, तर कितीही चकचकीत असली तरी ती फक्त वापराची जीप.

हवामानाचाही भावाशी संबंध आहे. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत जीपची फरशी आणि तिच्याखालच्या पट्ट्या लवकर सडतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा तुलनेने टिकतो. म्हणून जिंतूर किंवा हिंगोलीच्या बाजूला गोठ्यात वर्षानुवर्षे उभी असलेली, धूळ बसलेली जीप बाहेरून निकामी वाटली तरी तिचा सांगाडा धड असण्याची शक्यता अधिक असते.

कागद हा भावाचा उरलेला भाग. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहनच त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आहे, ती 10 वर्षे चालते आणि नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशा गाडीचा रोजचा किंवा धंद्याचा वापर मात्र चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

दुसरीकडे, 15 वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून थांबले आणि त्यांची वाट मोडीत काढणाऱ्या केंद्रांकडे वळली. खात्याच्या लिलावातून जुनी गाडी गावात येण्याचा रस्ता त्यामुळे आटला आहे. जुन्या जीपचा साठा आता उरला आहे तो गोठ्यांत आणि वाड्यांच्या पडव्यांत. अशी जीप विकायची असेल, तर आधी आरसी बुक शोधावे, क्रमांक ताडून पाहावेत आणि डेंटिंग-पेंटिंगला हात लावू नये. रंग कधीही देता येतो, पण कारखान्यातून आलेला रंग एकदा घासला की गाडीच्या भावातला मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो.