ऐकण्याची हेरकथा : हार्डबॉइल्ड कादंबऱ्या आणि ऑडिओ बुक

रहस्यकथेचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात एखाद्या प्रशस्त बंगल्यात खून होतो, संशयितांची ओळख करून दिली जाते आणि अखेरच्या प्रकरणात बुद्धिमान सत्यशोधक सर्वांना दिवाणखान्यात जमवून खुन्याचे नाव जाहीर करतो. दुसऱ्या प्रकारातील खासगी गुप्तहेर रोजच्या मेहनतान्यावर काम करतो, महानगराच्या गल्लीबोळांतून हिंडतो, मार खातो आणि खुनी सापडल्यावरही शहर होते तसेच भ्रष्ट राहिलेले पाहतो. अमेरिकेत १९२० च्या दशकात उदयाला आलेल्या या दुसऱ्या प्रकाराला 'हार्डबॉइल्ड' हे नाव पडले. स्वस्त कागदावरील मासिकांतून जन्मलेली ही कादंबरी आता ध्वनिमुद्रित स्वरूपातही उपलब्ध आहे. ती वाचण्यापेक्षा ऐकताना काय साधते आणि काय निसटते, हे समजून घेण्यासाठी तिच्या जडणघडणीकडे पाहावे लागते.

'ब्लॅक मास्क'ची परंपरा

एच. एल. मेन्केन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी १९२० मध्ये 'ब्लॅक मास्क' हे मासिक सुरू केले. कॅरोल जॉन डेली यांच्या कथांतून १९२३ मध्ये या मासिकात कणखर खासगी गुप्तहेर अवतरला. त्याच वर्षी डॅशिएल हॅमेट यांचा 'कॉन्टिनेन्टल ऑप' हा नायकही त्यात आला. हॅमेट यांनी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत प्रत्यक्ष काम केले होते. त्यामुळे पाळत कशी ठेवावी, अहवाल कसा लिहावा, साक्षीदाराला बोलते कसे करावे, याचे बारकावे त्यांच्या लेखनात सहज उतरले. 'रेड हार्वेस्ट' १९२९ मध्ये आणि 'द माल्टीज फाल्कन' १९३० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

रेमंड चँडलर यांची वाट निराळी होती. शिकागोत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये शिकलेल्या चँडलर यांची तेल कंपनीतील वरिष्ठ पदाची नोकरी १९३२ मध्ये गेली. त्यानंतर ते लेखनाकडे वळले. त्यांची पहिली कथा 'ब्लॅक मास्क'मध्ये १९३३ मध्ये आणि 'द बिग स्लीप' ही पहिली कादंबरी १९३९ मध्ये आली. फिलिप मार्लो हा त्यांचा नायक लॉस एंजेलिसचा. पुढे रॉस मॅकडोनाल्ड यांनी लू आर्चर हा नायक १९४९ च्या 'द मूव्हिंग टार्गेट'पासून कादंबरीत आणला. स्यू ग्राफ्टन आणि सारा परेट्स्की यांनी १९८२ मध्ये या पुरुषी प्रांतात स्त्री गुप्तहेरांना स्थान दिले, तर वॉल्टर मोस्ली यांनी १९९० च्या 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस'द्वारे लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीयांचे जग या परंपरेत आणले.

तबकडीपासून मोबाइलपर्यंत

ध्वनिमुद्रित पुस्तकाचा उगम दृष्टिहीनांच्या गरजेतून झाला. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात, तर ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये 'बोलकी पुस्तके' ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उपलब्ध होऊ लागली. ब्रिटनमधील पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'चा समावेश होता. म्हणजे रहस्यकथा आणि श्राव्य पुस्तक यांचे नाते अगदी प्रारंभापासूनचे आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढे ती मोटारीतही वाजू लागली. डुव्हाल हेक्ट यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात 'बुक्स ऑन टेप' ही कंपनी स्थापन केली. कामावर जाताना रोज मोटारीत जाणारा वेळ सत्कारणी लावावा, हा त्यामागील हेतू होता. संपूर्ण कादंबऱ्यांच्या कॅसेट टपालाने भाड्याने मिळत. मार्लो आणि आर्चर ज्या दक्षिण कॅलिफोर्नियातील रस्त्यांवरून गाड्या हाकतात, त्याच परिसरात हा व्यवसाय रुजला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. त्यानंतर १९९५ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑडिबल'ने पुस्तके इंटरनेटवरून पुरवण्यास प्रारंभ केला. ही कंपनी २००८ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतली.

कानाला का मानवते?

कोड्याच्या स्वरूपाची रहस्यकथा ऐकताना अडचण येते. वेळापत्रक, खोल्यांचा नकाशा, कोण कुठे उभे होते यांसारखे तपशील ताडून पाहण्यासाठी वाचक पाने मागे उलटतो. श्रोत्याला ते सहज जमत नाही. हार्डबॉइल्ड कादंबरीचा भर मात्र अशा हिशेबावर नसतो. तिचे बळ संवाद, वातावरण आणि निवेदकाच्या वृत्तीत असते. 'द बिग स्लीप'मधील मोटारचालकाला कोणी मारले, हे चित्रपट करताना खुद्द चँडलर यांनाही सांगता आले नाही, अशी आख्यायिका आहे. तरीही कादंबरीची गोडी कमी झाली नाही.

दुसरे कारण प्रथमपुरुषी निवेदनाचे आहे. मार्लो, आर्चर, ग्राफ्टन यांची किन्सी मिलहोन ही सारी पात्रे स्वतःची हकिगत स्वतःच सांगतात. छापील पानावर 'मी' हे अक्षर असते. ऐकताना तो 'मी' शेजारी बसून बोलणारा माणूस होतो. लहान वाक्ये, बोलीभाषा आणि उपरोध हे या लेखनाचे विशेष मुळातच बोलण्याच्या लयीतले आहेत. लांबीही सोयीची असते. 'द बिग स्लीप' संपूर्ण ऐकण्यास साधारण साडेसहा ते सात तास लागतात. तिची ३२ प्रकरणे आहेत. म्हणजे एक प्रकरण सरासरी बारा-तेरा मिनिटांत संपते. लोकलच्या प्रवासात दोन-तीन प्रकरणे सहज होतात.

निवेदकाची कसोटी

प्रत्येक कादंबरी मात्र आवाजाला सारखीच वश होत नाही. 'द माल्टीज फाल्कन' तृतीयपुरुषी आहे. सॅम स्पेडच्या मनात काय चालले आहे, हे हॅमेट एकदाही सांगत नाहीत. त्याचे हात काय करतात, डोळे कसे दिसतात, एवढेच ते नोंदवतात. अशील म्हणून आलेली स्त्री खरे बोलते की खोटे, हे वाचकाने ठरवायचे असते. ध्वनिमुद्रणात निवेदकाने तिच्या वाक्याला किंचित जास्त कंप दिला, तरी लेखकाने राखलेले गुपित फुटते. येथे अभिनयाचा मोह आवरणे हेच कौशल्य ठरते.

चँडलर यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. त्यांच्या उपमा प्रसिद्ध आहेत. निवेदकाने प्रत्येक उपमा विनोदासारखी फेकली, तर मार्लो विदूषक होतो. त्या थकलेल्या, निर्विकार स्वरात आल्या, तरच त्यांमागील एकाकीपण जाणवते. 'द लाँग गुडबाय' या १९७३ च्या चित्रपटात मार्लो साकारणाऱ्या इलियट गूल्ड यांनी चँडलर यांच्या कादंबऱ्यांचे वाचन केले आहे. ग्राफ्टन यांच्या मालिकेला ब्रॉडवेवरील अभिनेत्री जुडी के यांचा आवाज लाभला. एकाच आवाजाशी नायिकेची सांगड वर्षानुवर्षे बसली, की श्रोत्याला दुसरा आवाज परका वाटू लागतो.

कॅसेटच्या काळात अनेक कादंबऱ्या दोन कॅसेटवर, सुमारे तीन तासांत बसवल्या जात. या संक्षेपात घटना टिकत, पण वातावरण कापले जाई. नभोनाट्य हाही स्वतंत्र प्रकार आहे. हॉवर्ड डफ यांच्या आवाजातील सॅम स्पेड १९४६ पासून अमेरिकन रेडिओवर गाजला, तर बीबीसीने २०११ मध्ये टोबी स्टीव्हन्स यांना घेऊन मार्लोची मालिका सादर केली. पावलांचे आवाज आणि पार्श्वसंगीत यांमुळे नाट्य रंगते. मात्र लेखकाचे गद्य त्यात अल्पच उरते. त्यामुळे शीर्षकाखाली 'संपूर्ण' असा उल्लेख आहे काय, हे खरेदीपूर्वी पाहणे श्रेयस्कर. संपूर्ण आवृत्तीत त्या काळातील वंशविषयक अपशब्द आणि स्त्रियांविषयीचे पूर्वग्रहही येतात. डोळ्यांनी ओलांडून जाता येणारे शब्द कानांवर थेट आदळतात, याची जाणीव ठेवावी.

मराठीसाठी खुली वाट

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडपासून सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांपर्यंत मराठीत रहस्यकथेचा मोठा वाचकवर्ग राहिला आहे. 'स्टोरीटेल' २०१७ मध्ये भारतात आल्यानंतर मराठी श्राव्य पुस्तकांना व्यासपीठ मिळाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्यकृती स्वामित्वहक्कातून मुक्त होते. चँडलर १९५९ मध्ये, तर हॅमेट १९६१ मध्ये निवर्तले. साहजिकच त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या भारतात अनुक्रमे २०२० आणि २०२२ पासून मुक्त आहेत. त्यांचा नवा मराठी अनुवाद करून तो ध्वनिमुद्रित करण्यास येथे परवानगीची गरज नाही. अमेरिकेत मात्र 'द बिग स्लीप' २०३४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. शिवाय अनुवाद आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क मूळ कृतीपासून स्वतंत्र असतात. त्यामुळे जुनी इंग्रजी ध्वनिमुद्रणे आपोआप मुक्त होत नाहीत.

दृष्टिहीनांसाठी तर कायदा याहून उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींना उपयोगी पडेल अशा स्वरूपात पुस्तक विनानफा तत्त्वावर उपलब्ध करून देण्याची मुभा मिळाली. त्याच हेतूने झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला.

'ऑडिबल'ने २०२५ मध्ये प्रकाशकांसाठी संगणकनिर्मित आवाजात पुस्तके तयार करण्याची सोय जाहीर केली. त्यामुळे खर्च कमी होईल आणि आजवर ध्वनिमुद्रित न झालेली अनेक पुस्तके कानांपर्यंत पोहोचतील, हा लाभ लहान नाही. हार्डबॉइल्ड कादंबरीत मात्र अर्थ शब्दांइतकाच सुरात दडलेला असतो. स्पेडची अशील खरे बोलते की खोटे, हे न सुचवता तिचे वाक्य उच्चारणे अनुभवी नटालाही अवघड जाते. नव्या आवाजांची पारख या कसोटीवर करणे योग्य ठरेल.