स्थान सांगणारी इंग्रजी अव्यये : ‘वर’ एक, वाटा अनेक

मराठीतील ‘वर’ नामाला जोडून आला की शब्दयोगी अव्यय होतो (‘टेबलावर’) आणि सुटा राहिला की क्रियाविशेषण (‘वर बघा’). इंग्रजीतही हाच भेद आहे. तेथे शब्द नामाच्या आधी येतो, इतकेच. ‘इन द हाउस’मधील ‘इन’ला घराचा आधार आहे. ‘इज द डॉक्टर इन?’ या प्रश्नात पुढे नाम नाही, म्हणून तेथे तेच क्रियाविशेषण ठरते. ‘अपस्टेअर्स’, ‘हिअर’, ‘देअर’ ही क्रियाविशेषणे स्वयंपूर्ण असल्याने ‘गो टू अपस्टेअर्स’ हे चूक, ‘गो अपस्टेअर्स’ हे बरोबर.

खरी अडचण अर्थाची आहे. अटल सेतूवरून धावणारी मोटार ‘ऑन द ब्रिज’ असते, कारण चाके पुलाला टेकलेली असतात. पूल मात्र ‘ओव्हर द मांडवी’ असतो. तो नदी ओलांडतो. उंचीची पातळी सांगायची असेल तेव्हा ‘अबव्ह’ येते, जसे ‘अबव्ह सी लेव्हल’. मराठीत या तिन्ही ठिकाणी ‘वर’ किंवा ‘वरून’ चालून जाते. उलट ‘पणजी इज ऑन द मांडवी’ याचे भाषांतर ‘मांडवीवर’ असे केले, तर शहर पाण्यावर तरंगू लागते! येथे ‘ऑन’ म्हणजे काठाला लागून.

दिशांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. काणकोण ‘इन द साउथ ऑफ गोवा’ आहे, तर कारवार ‘टू द साउथ ऑफ गोवा’. पहिले राज्याच्या आत, दुसरे सीमेपलीकडे. ‘गोव्याच्या दक्षिणेला’ एवढेच म्हटले, तर दोन्ही अर्थ निघू शकतात. ‘गोव्याच्या दक्षिण भागात’ आणि ‘गोव्याच्या दक्षिणेकडे’ असा फरक केल्यास घोटाळा टळतो.

‘ऑफ द कोस्ट’ हा प्रयोग बातम्यांत वारंवार येतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर, समुद्रात, असा त्याचा अर्थ. ‘ऑन द कोस्ट’ म्हणजे किनाऱ्यावरच. अंजदीव बेट ‘ऑफ द कारवार कोस्ट’ आहे, पण प्रशासकीयदृष्ट्या ‘इन गोवा’. भूगोल आणि प्रशासन यांचे उत्तर असे वेगळे येते.

‘अॅट’ आणि ‘इन’ यांतील भेद सरावानेच अंगवळणी पडतो. थांब्यासारखे ठिकाण एक बिंदू मानले की ‘अॅट द बस स्टॉप’, सभोवार हद्द असलेली जागा मानली की ‘इन द मार्केट’.

‘समोर’ या शब्दाकडे मात्र दुर्लक्ष नको. बँकेच्या दाराशी, रस्त्याच्या त्याच बाजूला उभी असलेली बस ‘इन फ्रंट ऑफ द बँक’ असते. रस्त्यापलीकडचे दुकान ‘ऑपोझिट द बँक’. अपघाताच्या इंग्रजी वृत्तात वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूला होते, हे या दोन शब्दांवरून कळते. मराठी करताना दोन्हींसाठी नुसते ‘समोर’ लिहिले, तर ती माहितीच पुसली जाते. अशा वेळी ‘पलीकडच्या बाजूला’ असे स्पष्ट लिहावे. दोन शब्द वाढले तरी चालतील.