पीसीओएस आणि व्हिटॅमिन डी: सॅशे घेतल्याने वजन उतरतं का?

अनियमित पाळी, वाढतं वजन आणि रिपोर्टमध्ये कमी आलेलं व्हिटॅमिन डी. पीसीओएस असलेल्या अनेकींना या तिन्ही गोष्टी एकदमच कळतात. मग 'डी वाढवलं की वजनही उतरेल' असा सल्ला मिळतो. तो कितपत खरा आहे?

पीसीओएस म्हणजे फक्त लठ्ठपणा नाही

अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्सचं जास्त प्रमाण आणि सोनोग्राफीत अंडाशयावर दिसणाऱ्या अनेक बारीक गाठी. या 3 पैकी 2 गोष्टी असतील आणि दुसरा आजार नसेल, तर पीसीओएसचं निदान होतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतल्या 15 ते 24 वर्षांच्या मुलींचा अभ्यास केला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. या निकषांनुसार 22.5 टक्के मुलींना पीसीओएस होता आणि त्यातल्या सुमारे 72 टक्के मुली लठ्ठ नव्हत्या.

मग डी कमी का होतं?

व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं. शरीरात चरबी जास्त असेल तर ते तिथे विखुरतं आणि रक्तातली पातळी घटते. सुमारे 42 हजार लोकांची जनुकीय माहिती तपासणारं संशोधन 2013 मध्ये आलं. त्यानुसार वजन वाढल्याने डी कमी होतं, पण डी कमी असल्याने वजन वाढतं असं दिसलं नाही.

शिवाय डी कमी असणं ही पीसीओएसचीच खूण नाही. परळच्याच केईएम रुग्णालयात निवासी डॉक्टरांची तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचं डी कमी निघालं. ऊन भरपूर असलं तरी दिवस चार भिंतींत गेला तर त्याचा उपयोग होत नाही.

सॅशे घ्यावं का?

कमतरता असेल तर हाडं आणि स्नायूंसाठी उपचार गरजेचाच आहे. वजन जास्त असेल तर डोसही जास्त लागू शकतो. पण आठवड्याचं 60,000 युनिटचं सॅशे मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. डीचा अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के घटलं तरी अनेकींची पाळी सुधारते. सॅशेने डीची कमतरता भरून निघेल. वजनासाठी मात्र आहार, व्यायाम आणि डॉक्टरांचा सल्ला लागेलच.