सात गोल आणि त्यानंतरची वर्षे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'आपल्या वेळची हॉकी' या विषयावर लिहायला सांगितले. शाळेच्या संघाने जिंकलेल्या सामन्यांची यादी दिली असती, तर लेख अर्ध्या पानात आटोपला असता, कारण ती यादी लहान आहे. पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मला एक सवय लागली आहे. जिंकणाऱ्यांच्या यादीपेक्षा हरणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे मला अधिक शोधावेसे वाटते. आपल्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीला तर त्याचे विशेष कारण आहे. आपण हातात स्टिक धरली त्याच सुमारास भारतीय हॉकीचा एक अत्यंत वाईट दिवस उजाडला. तो दिवस १ डिसेंबर १९८२.

नाशिक हे काही हॉकीचे गाव म्हणून प्रसिद्ध नाही. इथे क्रिकेट, कबड्डी आणि पुढे धावपटूंनी नाव काढले. तरी देवळालीला तोफखान्याची छावणी असल्यामुळे जवानांची हॉकी आपल्या डोळ्यांसमोर होती. महाराष्ट्रात हा खेळ रुजला तो बहुतेक असाच, लष्कर, रेल्वे आणि कारखान्यांच्या मैदानांवर. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात पुण्याचे बाबू निमल होते. त्यामुळे 'हॉकी म्हणजे पंजाबची' असे कोणी म्हटले, की आपले क्रीडाशिक्षक चिडत.

त्या काळी हॉकीपटूच्या खांद्यावर केवढे ओझे होते, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून १९५६ च्या मेलबर्नपर्यंत भारताने ओळीने सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. १९६० साली रोममध्ये पाकिस्तानने एका गोलने ही मालिका तोडली. १९६४ मध्ये आपण ते सुवर्ण परत आणले, १९७५ मध्ये विश्वचषक जिंकला. पण १९७६ साली माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत थेट सातव्या क्रमांकावर गेला. १९८० मध्ये मॉस्कोत पुन्हा सुवर्ण मिळाले, तेव्हा अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. लोकांनी माँट्रियल विसरायचे ठरवले आणि मॉस्को तेवढे लक्षात ठेवले. आजोबांच्या वेळची श्रीमंती सांगणाऱ्या घरात नातवाची जी गत होते, ती त्या खेळाडूंची झाली होती. मैदान बदलले, खेळ बदलला, अपेक्षा मात्र जुन्याच राहिल्या.

अशा वेळी दिल्लीत आशियाई स्पर्धा आल्या. देशात रंगीत दूरचित्रवाणी आली ती याच निमित्ताने. हॉकीच्या अंतिम सामन्यात समोर पाकिस्तान, प्रेक्षकांत पंतप्रधान इंदिरा गांधी. पहिला गोल भारताने केला. त्यानंतर पाकिस्तानने एकामागून एक सात केले. निकाल ७-१.

दुसऱ्या दिवसापासून या सात गोलांना एकच नाव चिकटले, ते म्हणजे गोलरक्षक मीर रंजन नेगी. पैसे घेतले, देश विकला, असे लोक बोलू लागले. पुरावा कधीच पुढे आला नाही. तरी भारतीय संघातली त्यांची कारकीर्द तिथेच संपली. ते मुंबईत सीमाशुल्क खात्यात नोकरी करत राहिले आणि तो डाग सोबत वागवत राहिले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दोन गोष्टी इथे मांडाव्याशा वाटतात. पहिली अशी, की त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत विश्वचषक झाला होता आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवून तो पाकिस्ताननेच जिंकला होता. हसन सरदार, कलीमुल्ला, समीउल्ला अशी ती आघाडीची फळी होती. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक सुवर्णही याच पाकिस्तानने नेले. म्हणजे आपण जगातल्या सर्वांत बलाढ्य संघाकडून, त्याच्या ऐन बहरात हरलो होतो. दुसरी गोष्ट हॉकी खेळलेल्या कोणालाही कळेल. चेंडू गोलरक्षकापर्यंत येतो तो बाकीचे दहा जण चुकवून. सात वेळा दहांना चुकवून आला असेल, तर अकराव्याला एकट्याला जबाबदार कसे धरायचे? पण चिडलेल्या माणसाला हिशेब नको असतो, त्याला नाव हवे असते. गोल जाळ्यात अडकताना चित्रात दिसणारा शेवटचा माणूस गोलरक्षकच असतो.

आणखी एक गोष्ट आपण सगळे साफ विसरलो. त्याच दिल्लीच्या स्पर्धांत महिलांची हॉकी पहिल्यांदाच खेळवली गेली आणि भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकले. कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्रीही मिळाली. मी आजवर अनेकांना १९८२ च्या आशियाई हॉकीबद्दल विचारले आहे. सात गोल सगळ्यांना आठवतात, सुवर्णपदक एखाद्यालाच. पुरुषांचे रौप्य 'कलंक' म्हणून चाळीस वर्षे जपले गेले आणि महिलांचे सुवर्ण माळ्यावर टाकले गेले. लोकांची आठवण कशी निवड करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मी वर्गात कधी देऊ शकलो नाही.

या निवडीचे लोण आपल्या मैदानापर्यंतही आले होते. ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. १९८३ च्या हिवाळ्यात आपण आंतरशालेय सामना चार गोलांनी हरलो. त्यानंतर आपल्या गोलकीपरला कोणीतरी 'नेगी' म्हणून हाक मारली आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत ते नाव सुटले नाही. मी त्या सामन्यात फुलबॅक होतो. चारपैकी तीन गोल माझ्या डाव्या अंगाने आले, पण मला कोणी काही म्हटले नाही. पुढच्या मोसमात त्याने पॅड बांधले नाहीत, अभ्यासाचे कारण सांगितले. हे मी त्याला विचारूनच लिहितो आहे, आणि त्याचे नाव न लिहिण्याचेही आमच्यात ठरले आहे. तो म्हणाला, "लिही. पण रडवू नकोस लोकांना. मला राग चार गोलांचा नव्हता रे. माझ्या धाकट्या भावालाही 'नेगीचा भाऊ' म्हणायचे, त्याचा होता."

शाळेतल्या पोराची ही गत, तर देशासाठी खेळणाऱ्याचे काय होत असेल? याचे उत्तर शोधायला आपल्या महाराष्ट्रातच एक मोठे चरित्र आहे, धनराज पिल्ले यांचे. १९६८ साली पुण्याजवळच्या खडकीत जन्म. घरची गरिबी इतकी, की मोडक्या स्टिका जोडून हा मुलगा खेळ शिकला. मोठा भाऊ मुंबईत खेळत होता, त्याच्यामागे हाही मुंबईला आला आणि महिंद्राच्या संघातून १९८९ मध्ये भारताकडून खेळू लागला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा माणूस पंधरा वर्षे भारतीय आक्रमणाचा चेहरा होता.

१९९८ साली बँकॉकमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. विमानतळावरचे हार सुकतात न सुकतात, तोच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. 'विश्रांती दिली' असे कारण सांगण्यात आले. खेळाडूंनी मानधनाचा प्रश्न उघडपणे मांडला होता आणि त्याचीच ही शिक्षा, असा अर्थ बहुतेकांनी लावला. धनराजवर 'तापट' हा शिक्का बसला तो कायमचा. पोटाचा प्रश्न विचारणारा खेळाडू आपल्याला तापट वाटतो, हाही एक इतिहासच आहे.

पुढे २००० मध्ये सिडनी. पोलंडविरुद्धचा सामना जिंकला असता, तर भारत उपांत्य फेरीत जात होता. भारत १-० ने पुढे होता आणि शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती, तेवढ्यात पोलंडने बरोबरी साधली. आपण पुन्हा सातव्या क्रमांकावर राहिलो. २००४ चे अथेन्स हे धनराजचे चौथे आणि शेवटचे ऑलिंपिक ठरले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत ऑलिंपिक पदक नाही ते नाहीच. संदीप मिश्रा यांनी लिहिलेल्या त्याच्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकातच आईकडे मागितलेली क्षमा आहे. लाखो लोकांना ज्याने आनंद दिला, त्याच्या चरित्राला हे शीर्षक मिळावे, यावरून त्या मनावरचा भार समजतो.

या भाराची दुसरी बाजू म्हणजे रोजचे जगणे. मुंबईचा व्हीरेन रस्किन्हा भारतीय संघात स्थिरावलेला असताना, तिशीच्या आत हॉकी सोडून व्यवस्थापन शिकायला हैदराबादला गेला. पुढे त्याने ऑलिंपिक खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेची धुरा सांभाळली, हे आपले भाग्य. मुंबईचाच युवराज वाल्मीकी. २०११ मध्ये पाकिस्तानविरुद्ध आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल त्याचा होता. तो परत आला तेव्हा वर्तमानपत्रांतून कळले, की मरीन लाइन्स भागातल्या त्याच्या घरात वीजसुद्धा नाही. ज्याच्या गोलावर आपण दिवाणखान्यात बसून टाळ्या वाजवल्या, त्याच्या घरच्यांना तो घरातल्या पडद्यावर पाहायची सोय नव्हती.

टीकेची जात किती खालच्या थराला जाते, ते २०२१ मध्ये दिसले. टोकियोला वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. स्पर्धेच्या दोनेक महिने आधी तिचे वडील वारले होते आणि सराव शिबिरामुळे तिला अंत्यदर्शनालाही जाता आले नव्हते. उपांत्य सामना भारत अर्जेंटिनाकडून २-१ ने हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर काही लोकांनी फटाके फोडले आणि घरच्यांना जातीवरून शिवीगाळ केली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दोनच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ती पुन्हा मैदानात उतरली आणि तिने गोलही केला. तो सामनाही आपण ४-३ ने हरलो, पण तो गोल करायला काय लागले असेल, ते मोजायचे माप माझ्याजवळ नाही.

काही गोष्टी बदलल्या, हेही नोंदवले पाहिजे. नेगी १९९८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक होते. २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या मुलींच्या संघाबरोबरही ते होते. २००७ मध्ये 'चक दे इंडिया' आला आणि त्यातल्या मुलींना हॉकी शिकवली ती त्यांनीच. तो चित्रपट पाहून आपल्या गोलकीपरने मला फोन केला होता. "आता मला त्या नावाने हाक मार, चालेल," म्हणाला. पंचवीस वर्षांत एका शिवीची पदवी झाली, ती एका माणसाने निमूटपणे काम करत राहिल्यामुळे.

२०२३ मध्ये भारतीय पुरुष संघासोबत पॅडी अप्टन हे मानसिक प्रशिक्षक नेमले गेले. स्नायूंना जसा सराव लागतो तसा मनालाही लागतो, हे अधिकृतपणे मान्य झाले. टोकियोनंतर २०२४ मध्ये पॅरिसलाही कांस्य मिळाले. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये पदक १९७२ नंतर प्रथमच आले. केवळ एका नेमणुकीने हे घडले, असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या वेळी हरलेल्या मुलाला 'रडतोस काय पोरीसारखा' एवढेच मानसशास्त्र उपलब्ध होते, हे विसरून चालणार नाही.

या सगळ्यातून मला एकच सांगायचे आहे. प्रेक्षकाचा राग एका संध्याकाळचा असतो. रात्री जेवण झाले की तो निवतो. खेळाडूला मात्र ती संध्याकाळ पुढची वीस-पंचवीस वर्षे सांभाळावी लागते, आणि तीही भावंडांसकट, आईबापांसकट. आपण रागवावे, हरकत नाही. ज्याला खेळ आवडतो तोच रागावतो. पण राग मैदानात सोडून घरी यावे, तो कोणाच्या घरापर्यंत नेऊ नये.

शाळेत आता मुलामुलींची हॉकी पुन्हा सुरू झाली आहे. गोलकीपरचे साहित्य महाग, म्हणून तो संच घ्यायचा राहून गेला होता. मेळाव्याच्या निधीतून आपली तुकडी हेल्मेट, छातीचे कवच, हातमोजे, पॅड आणि किकर असा पूर्ण संच शाळेला देत आहे. आठवीतली एक मुलगी हल्ली गोलमध्ये उभी राहते. तिच्या हाती संच द्यायला आपण आपल्याच गोलकीपरला बोलावले आहे आणि त्याने येतो म्हणून कळवले आहे. दुपारी चारला मुलांचा सामना आहे. जेवणानंतर गप्पांत रमू नका, मैदानावर या. आणि तिच्यावर गोल झाला, तरी टाळ्या थांबवू नका.